उताराकडे तोंड

पहिली गोष्ट म्हणजे मी गाडी हौसेने घेतलेली नाही. बावन्नाव्या वर्षी बाई क्रूझर मोटारसायकल घेते ती हौस म्हणून, असं ज्यांना वाटतं त्यांनी एकदा माझ्या बहिणीच्या घरी बसने जाऊन दाखवावं.

बस फाट्यापर्यंत जाते. तिथून धरण चौदा किलोमीटर, त्यातले शेवटचे पाच घाटाचे. बहिणीचा नवरा जीप घेऊन फाट्यावर येतो, पण जीप खात्याची, त्यामुळे ती वेळेवर आली तर नशीब. पोचेपर्यंत दुपार होते आणि फाट्यावरून परतीची शेवटची बस साडेतीनला. म्हणजे बहिणीच्या घरात टेकायला मिळतात पन्नास मिनिटं. त्यात ती चहा करणार, तिचा नवरा पाण्याच्या गोष्टी सांगणार, आणि मी तोंड उघडणार तेवढ्यात तिघंही घड्याळाकडे बघून उठणार. मी एकदाच गेले तशी. पाहुणीसारखी आणून बसवली आणि पाहुणीसारखी नेऊन सोडली. घरी आल्यावर मी इतकी चिडले होते की दोन दिवस कुणाशी बोलले नाही. बोलायला घरात होतं कोण म्हणा.

तेच तर दुखणं आहे. चव्वेचाळीस वर्षं आम्ही दोघी एका खोलीत झोपलो. आईबाबा होते तेव्हा जागा नव्हती म्हणून, आणि ते गेल्यावर दुसरी खोली रिकामी झाली तरी तिकडे जायचं दोघींपैकी कुणाच्या मनात आलं नाही. तोवर लग्न माझंही झालं नव्हतं, तिचंही नव्हतं. ती वाचनालयात फाटकी पुस्तकं शिवायची, मी दातांच्या लॅबमध्ये कवळ्या करते. दिवा मालवला की ती बोलायला लागायची. दिवसभराचं सगळं, कोण आलं, कुणी पुस्तकात काय विसरलं. मी म्हणायचे, गप झोप गं. ती अजून थोडं बोलायची आणि मग वाक्याच्या मध्येच झोपायची. आता मी तिच्या बिछान्यावरची चादर दर रविवारी बदलते. त्यावर कुणी झोपत नाही तरी बदलते. आणि तिच्या लग्नानंतरच्या दोन वर्षांत फोनवर मी तिला एकदाही म्हटलेलं नाही की तुझी आठवण येते.

गंमत अशी की हे सगळं मीच माझ्या हाताने घडवून आणलं. तो माणूस धरणावर पाण्याची पातळी वाचायला असतो. सकाळी एकदा, संध्याकाळी एकदा, पायऱ्या उतरून पट्टीवरचा आकडा बघायचा आणि वर कळवायचा. त्या पायऱ्यांवरून एकदा घसरला आणि वरचे पुढचे दोन दात गेले. आमच्या डॉक्टरांना त्याच्या दातांचा रंग काही जुळेना, म्हणून त्यांनी त्यालाच लॅबमध्ये पाठवला. मी त्याला खिडकीपाशी उजेडात उभा केला, ओठ वर करायला सांगितला आणि छटांची पट्टी लावून बघायला लागले. तेवढ्यात माझी बहीण माझा डबा घेऊन आली. एरवी डबा ठेवून जाणारी ती, पण उभी राहिली. म्हणाली, "ताई, हा फार पांढरा. यांना एक छटा जुना दे, म्हणजे यांचाच वाटेल." तो तोंडावर हात ठेवून हसला. मी एक छटा जुना दिला. इतका बेमालूम बसला की डॉक्टरसुद्धा बघत राहिले. आणि पुढच्या महिन्यात तो माणूस वाचनालयात जाऊन तेच दात दाखवत माझ्या बहिणीशी तासन्‌तास बोलायला लागला. स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेतात लोक. मी तो नीट घासून, पॉलिश करून पाडून घेतला.

माणूस वाईट नाही. वाईट असता तर किती सोपं झालं असतं.

तर गाडी. दुकानात गेले तेव्हा तिथल्या विक्रेत्या मुलीने विचारलं, "काकू, कुणासाठी बघताय?" म्हटलं, काकूंसाठीच बघतेय. मग तिने मला स्कूटरकडे नेलं. स्कूटर हलकी आहे, स्कूटरला क्लच नाही, स्कूटरवर भाजीची पिशवी राहते. मला भाजी आणायला जायचं नव्हतं. घाटाचा रस्ता खडीचा आहे, छोटी चाकं तिथे घसरतात, हे मी जीपमधून स्वतःच्या डोळ्यांनी बघितलं होतं. आणि बाकीच्या मोटारसायकलींवर माझे पाय जमिनीला लागत नव्हते. देवाने उंची देताना माझ्या बाबतीत हात आखडता घेतला. मग कोपऱ्यात ती दिसली. बुटकी, लांब, रुंद हँडलची, सीट खाली बसलेली. बसले तर दोन्ही तळपाय सपाट जमिनीवर. क्रूझर म्हणतात, मुलगी म्हणाली, त्यातल्या त्यात लहान आहे. दीडशे किलोची होती. म्हटलं, हीच.

शेजारपाजारच्यांना विषय मिळाला. पिकल्या केसांना काय हे थेर, असं जिन्यातल्या बाई माझ्या कानावर जाईल इतपत हळू म्हणाल्या. हसतील त्यांचे दात दिसतील, असं आपल्यात म्हणतात. मला तर बरंच आहे, दिसले की नवीन गिऱ्हाईक. डॉक्टर म्हणाले, "पडायचं तर पडा, पण तोंडावर पडू नका. तुमचे दात कोण करणार?"

शिकवायला खालच्या मजल्यावरचे बसड्रायव्हर. एकतीस वर्षं बस चालवली आणि निवृत्त झाल्यावर गॅलरीत बसून येणाऱ्याजाणाऱ्या गाड्यांना शिव्या घालत होते. बंद पडलेल्या कारखान्याच्या आवारात आम्ही रविवारी सकाळी जायचो. ते एका दगडावर बसून सूचना द्यायचे. उंटावरून शेळ्या हाकणं म्हणजे काय ते मला तेव्हा कळलं.

क्लच सोडला की गाडी बंद. परत चालू, परत बंद. पहिल्या रविवारी ती बावीस वेळा बंद पडली आणि एकदा मी पडले, तीही उभ्या गाडीवरून. चालत्या गाडीवरून पडण्यात निदान काही मान असतो. दीडशे किलो आडवे झाले की उचलायचे कसे, हे शिकायला एक आख्खा रविवार गेला. गाडीकडे पाठ करायची, खाली बसायचं, हँडल आणि मागची दांडी पकडायची आणि पायांनी जोर लावून उठायचं. दोन महिन्यांनी मी तिसऱ्या गिअरमध्ये गेले. चार महिन्यांनी पक्कं लायसन्स मिळालं, तेव्हा बसड्रायव्हर स्वतः पेढ्याऐवजी खडीसाखर घेऊन आले, कारण त्यांना साखरेचा त्रास होता आणि खडीसाखर म्हणजे साखर नव्हे असं त्यांचं ठाम मत होतं.

त्याच दिवशी मी दुसरं हेल्मेट घेतलं. बहिणीच्या डोक्याचं माप मला माहीत आहे, तिचे केस चाळीस वर्षं मी विंचरले आहेत. मनात काय होतं ते सरळच सांगते. मला तिला घरी आणायचं होतं. कायमची नाही, इतकी काही मी वेडी नाही. आठ दिवस. मागे बसवायची, घरी आणायची, आणि दिवा मालवल्यावर ती बोलायला लागली की या वेळी गप झोप म्हणायचं नाही.

रविवारी सकाळी सातला निघाले. तिला कळवलं नव्हतं. पहिले दोन तास मी फक्त रस्त्याकडे बघितलं. ट्रक मागून आला की अंग चोरायचे, जणू मी बारीक झाले की गाडीही बारीक होणार होती. फाटा आला तेव्हा बस तिथे उभी होती, आणि मी तिच्या बाजूने वळून पुढे गेले. तेव्हा मात्र फार बरं वाटलं. घाटात पहिल्या गिअरमध्ये, पाय खाली टेकवत, बदक चालतं तशी चढले. दोनदा बंद पडली. एकदा रडू आलं, मग राग आला, मग वर पोचले.

घर रस्त्यापासून खाली उतारावर आहे. फाटकातून वाट सरळ उतरते ती ओसरीच्या भिंतीला भिडते. बसड्रायव्हरांनी शिकवलं होतं, पोचलात की गाडी सरळ आत घाला, रस्त्यावर शेपूट ठेवू नका. मी सरळ आत घातली, पार भिंतीपर्यंत, आणि रुबाबात स्टँडवर लावली.

बहीण बाहेर आली. आधी तिला मी ओळखूच आले नाही. हेल्मेट काढलं तेव्हा तिच्या हातातली बादली खाली गेली. "ताई? तू? एकटी?" गाडीभोवती दोन चकरा मारल्या तिने. टाकीला हात लावला. मग मागे बांधलेल्या हेल्मेटकडे बोट केलं. "आणि हे कुणाचं?"

आता बघा, तीन तास तोच विचार करत आलेली मी. तोंडातून काय निघावं?

"एकावर एक फुकट होतं," मी म्हणाले.

ती "अच्छा" म्हणाली आणि बादली उचलून आत गेली.

दिवस चांगला गेला, तोच तर त्रास. ती बदलली होती. उन्हाने रापली होती, हात राठ झाले होते, चालणं भराभर. मेव्हण्यांनी माझं कौतुक केलं, गाडीचं केलं, आणि हसताना दरवेळी माझे दोन दात दाखवले. जेवण झाल्यावर ती मला पायऱ्यांवर घेऊन गेली. पाण्यात उभी केलेली पट्टी दाखवली. आता संध्याकाळचा आकडा बऱ्याचदा तीच वाचते म्हणाली. "ताई, सकाळी आणि संध्याकाळी पाणी वेगळं दिसतं. आधी मला वाटायचं हे काय काम, नुसतं बघायचं. पण बघता येतं हेच किती आहे." मग धरणावरच्या मजुरांच्या बायकांचं सांगितलं, वाळवीने खाल्लेल्या जुन्या नोंदवह्या ती शिवते ते सांगितलं. बोलत होती, बोलत होती, अगदी पूर्वीसारखी. पण सगळं इथलं. त्यात मला ओळखीचं एकही नाव नव्हतं. आठ दिवस चल म्हणायच्या ऐवजी मी पट्टीवरचा आकडा मोठ्याने वाचला.

चार वाजता मेव्हणे धरणाच्या पलीकडच्या भिंतीकडे दरवाजे तपासायला गेले. यायला दोन तास लागतील म्हणाले, आणि मला सांभाळून जा म्हणाले. बहीण आकाशाकडे बघायला लागली. "तू निघ आता. घाटात धुकं उतरतं. उद्या तुला कामही असेल."

काम होतंच. एक म्हातारबाबा तीन आठवडे नुसत्या पेजेवर होते, त्यांची कवळी सकाळी द्यायची होती. मी जाकीट घातलं, गाडीवर बसले, पायांनी मागे रेटायला लागले आणि तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. बसला रिव्हर्स असतो. हिला नाही. सपाटीवर मी पायांनी मागे ढकलत नेते, पण इथे समोर भिंत, मागे चढ, खाली खडी, आणि दीडशे किलो. गाडी बोटभरही हलेना.

"काय झालं?" बहिणीने विचारलं.

"उलटी लावायला हवी होती. तोंड वर करून."

ती हसली. आपण काढू म्हणाली. ओढणी कमरेला बांधली, मागची दांडी पकडली. मी खाली उतरून हँडल धरलं. एक, दोन, तीन. गाडी वीतभर वर आली आणि परत खाली गेली. पुन्हा एक, दोन, तीन. तिचा चेहरा लाल झाला, टाचा खडीत रुतल्या. पुन्हा. ती जिवाच्या आकांताने ओढत होती. मला घरी पाठवायला ती इतका जोर लावतेय, हे मला बघवेना.

चौथ्यांदा तिने दांडी सोडली आणि पुढे आली. माझ्या हातांकडे बघितलं. ते हँडलवर नुसते ठेवलेले होते.

"ताई, तू ढकलतच नाहीयेस."

"नाही ढकलत," मी म्हणाले. "मला जायचं नाहीये."

एकदा तोंड उघडलं, आणि मग थांबता येईना. हेल्मेट फुकट नव्हतं म्हणाले. तुला न्यायला आले होते. चादर दर रविवारी बदलते. घरात इतकी शांतता असते की मी रेडिओ लावून झोपते आणि रेडिओवरच्या बाईवर चिडते, कारण ती तुझ्यासारखी मध्येच झोपत नाही. मला तुझी रोज आठवण येते, रोज, दोन वर्षं झाली. एवढं म्हणून मी स्टँड लावला आणि ओसरीच्या पायरीवर बसून रडले. जाकीट, हातमोजे आणि गुडघ्यांना बांधलेल्या ढाली घालून रडणाऱ्या बाईला बघून कुणालाही हसू आलं असतं. तिला आलं नाही.

"हे तू आत्ता सांगतेस," ती म्हणाली. आवाज चढला होता. तिचा आवाज चढलेला मी फार वेळा ऐकलेला नाही. "लग्नाच्या सह्या करून आपण बाहेर आलो, तेव्हा सगळ्यांसमोर काय म्हणाली होतीस? सुटले बाई एकदाची, आता पाय पसरून झोपेन."

"गंमत केली होती गं."

"सगळे हसले. मीही हसले. आणि तेव्हापासून मला वाटतंय की तू खरंच सुटलीस. लहानपणापासून मी तुझ्या गळ्यात. आई गेल्यावर तर पूर्णच. म्हटलं, आता कुठे ही मोकळी झाली, सारखं ये ये म्हणून कशाला मागे लागा. फोन ठेवताना दरवेळी वाटायचं, आता ही म्हणेल काहीतरी. तू म्हणायचीस, बरं, ठेवते, दूध उतू जातंय."

"थांब म्हटलं असतं तर थांबली असतीस?"

"नाही," ती लगेच म्हणाली. "गेलेच असते. पण तुझ्या गळ्यात पडून, पोटभर रडून गेले असते. तू मला तेवढंही करू दिलं नाहीस."

आपलेच दात आणि आपलेच ओठ. कुणाला काय बोलणार? मी हातमोज्याने नाक पुसलं. तीही पायरीवर बसली, माझ्या खांद्याला खांदा लावून. मग तिचं राहिलेलं रडून झालं. मी तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिले, आणि गप म्हणाले नाही.

मग मी विचारलंच. "आठ दिवस चल ना घरी."

"आणि आठ दिवसांनी?"

"आणून सोडेन."

"मग?"

"मग पुन्हा न्यायला येईन."

ती ओल्या डोळ्यांनी हसली आणि माझा हात हातात घेतला. "ताई, मी येईन. चार दिवस, आठ दिवस, जमेल तेव्हा येईन. पण येईन ती पाहुणी म्हणून येईन. माझं घर हे आहे." हात न सोडता म्हणाली, "हे तुला कळायला हवं."

मला कळलं होतं. पायऱ्यांवर ती पाण्याकडे बघत बोलत होती, तेव्हाच कळलं होतं. पण कळणं वेगळं आणि तिच्या तोंडून ऐकणं वेगळं. कुठेतरी आत खळकन् काहीतरी निखळलं, आणि आश्चर्य म्हणजे मी पायरीवर बसलेलीच होते, श्वास चालू होता.

"आज राहतेस?" तिने विचारलं. मला हेच तर हवं होतं, दोन वर्षं हेच.

"म्हातारबाबांचे दात द्यायचेत," मी म्हणाले. "पुढच्या शनिवारी राहते. या वेळी कळवून येते."

"नक्की?"

"नक्की."

आम्ही उठलो. तिने मागची दांडी पकडली. मी हँडल धरलं, स्टँड काढला, पाय खडीत रोवले. ती माझ्याकडे बघत होती.

"आता लाव जोर," ती म्हणाली.

मी लावला. अंगात होता नव्हता तेवढा सगळा लावला. गाडी एका दमात चढून फाटकाबाहेर आली, इतकी सहज की आम्ही दोघी मागच्या मागे पडता पडता राहिलो. तिनेच मग हँडल धरून गाडीचं तोंड घाटाकडे वळवलं आणि माझ्या हेल्मेटचा पट्टा हनुवटीखाली नीट बसला का ते बघितलं.

मी निघाले. आरशात ती रस्त्याच्या मधोमध उभी राहून हात हलवत होती, दोन्ही हात, लहान मुलीसारखे. मला तिला हात करायचा होता. पण रस्ता उताराचा आणि खडीचा, आणि हँडल सोडून हात वर करायला मी अजून शिकलेले नाही. अंगठा तेवढा मोकळा होता. मी त्याने हॉर्न दाबला, आणि पहिलं वळण येऊन ती दिसेनाशी झाली तरी सोडला नाही.